अचल जीवाचे शस्त्र

पाटी-पेन्सिलीच्या काळात शाळकरी मुलांच्या दप्तरात स्पंजाचा एक लहानसा तुकडा असे. टपाल कचेरीत तिकिटे ओली करण्यासाठी वाटीत ठेवलेला किंवा न्हाणीघरात अंग घासण्यासाठी वापरलेला स्पंजही पुष्कळांच्या परिचयाचा असतो. आज ह्या कामी येणारे बहुतेक स्पंज कारखान्यात तयार होतात, त्यामुळे ही वस्तू मुळात काय होती ह्याचा विसर पडणे स्वाभाविक आहे. खरा स्पंज म्हणजे समुद्राच्या तळाशी जगलेल्या एका प्राण्याचा सांगाडा होय. त्याच्या देहाचा मऊ भाग कुजवून, धुऊन काढून टाकला म्हणजे जो तंतुमय आणि सच्छिद्र भाग उरतो, तोच माणसाच्या उपयोगी पडतो.

हा जीव प्राणी आहे की वनस्पती, ह्याविषयी विद्वानांत शतकानुशतके मतभेद होते. स्पंजाला उपटू जाताच तो अंग आवळून घेतो, अशी कोळ्यांमधील समजूत ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवली आहे. परंतु ह्या वादाचा निकाल लागण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे निरीक्षण केले ते एडिंबरो येथील रॉबर्ट ग्रँट ह्यांनी, १८२५ च्या सुमारास. त्यांनी जिवंत स्पंजाचा तुकडा समुद्राच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिला, तेव्हा त्याच्या मोठ्या छिद्रातून पाण्याची धार अखंड बाहेर पडताना त्यांना दिसली. अंगभर पसरलेल्या असंख्य सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत येते, आतील पेशी त्यातील जंतू व अन्नकण टिपून घेतात, आणि गाळलेले पाणी मोठ्या तोंडाने बाहेर जाते. हीच स्पंजाची सारी जीवनचर्या. त्याला पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतू नाहीत, डोळे नाहीत, आणि पाय तर नाहीतच. तरीही पन्नास कोटींहून अधिक वर्षे हा वंश पृथ्वीवर टिकून आहे, आणि त्याच्या सुमारे नऊ हजार जाती आजवर शास्त्रज्ञांनी नोंदविल्या आहेत.

ह्या टिकून राहण्यातच एक कोडे दडलेले आहे. प्रवाळभित्तीवर, म्हणजे पोवळ्यांच्या खडकांवर, दिवसभर शेकडो मासे चरत असतात. तेथे जे मऊ आहे, उघडे आहे आणि ज्याला हलता येत नाही ते फार काळ शिल्लक राहू नये. स्पंज तर मऊ असतो, पुष्कळदा लाल, पिवळ्या किंवा जांभळ्या रंगाने दुरूनही नजरेत भरतो, आणि एकदा जेथे रुजला तेथून तो आयुष्यभर हलत नाही. पळून जाणे त्याला शक्य नाही, लपणे शक्य नाही, दंश करणे शक्य नाही. असे असून माशांची झुंड त्याच्यावरून निघून जाते आणि तो जागच्या जागी सुरक्षित राहतो. ह्याचे कारण काय?

पहिले उत्तर सहज सुचण्याजोगे आहे. पुष्कळशा स्पंजांच्या देहात काचेसारख्या सिलिकेच्या किंवा चुन्याच्या बारीक, टोकदार सुया भरलेल्या असतात. मराठीत त्यांना कंटिका म्हणतात. तोंडात काटे टोचले की कोण खाईल, असा तर्क कोणीही करील, आणि शास्त्रज्ञांनीही तो दीर्घकाळ केला. परंतु तर्क कितीही सोयीचा असला तरी त्याची परीक्षा व्हावी लागते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील जोसेफ पॉलिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ही परीक्षा कॅरिबियन समुद्रातील स्पंजांवर केली आणि तिचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगाची रीत साधी होती. माकूल हा माशांच्या आवडीचा जिन्नस. माकुलाचे मांस वाटून त्याच्या लहान गोळ्या केल्या. काही गोळ्यांत स्पंजाच्या कंटिका मिसळल्या, तर काहींत स्पंजाच्या देहातून काढलेला अर्क, तोही नैसर्गिक स्पंजात असतो तेवढ्याच प्रमाणात. मग ह्या गोळ्या निळ्या डोक्याच्या एका लहान माशापुढे टाकल्या. हा मासा त्या खडकांवर सर्वत्र आढळतो आणि पुढे येईल ते चाखून पाहतो.

कंटिका घातलेल्या गोळ्या माशांनी बिनदिक्कत खाल्ल्या. अर्क घातलेल्या गोळ्यांची गोष्ट मात्र निराळी झाली. मासा गोळी तोंडात घेई, क्षणभर थांबे, आणि ती थुंकून टाकी. पुन्हा तोंडात घेई, पुन्हा थुंकी, आणि अखेर तिचा नाद सोडून निघून जाई. एकंदर ७१ जातींच्या स्पंजांची अशी परीक्षा झाली आणि त्यांपैकी ६९ टक्के जातींचे अर्क माशांनी नाकारले. स्पंजाचे संरक्षण काट्यांत नसून चवीत आहे, रसायनात आहे, हे ह्यावरून स्पष्ट झाले. उरलेल्या जातींचे अर्क मात्र माशांनी निमूटपणे गिळले. ह्या दुसऱ्या गटाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल, कारण साऱ्या कथेचे मर्म तेथेच आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे इष्ट होईल. विषारी असणे आणि बेचव असणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शत्रूला ठार मारणारे विष स्पंजाच्या फारसे कामाचे नाही. कारण मेलेला मासा काही शिकत नाही, आणि त्याच्या जागी दुसरा अननुभवी मासा येऊन पुन्हा लचका तोडतो. उलट, ज्याने एकदा थुंकले तो पुढच्या खेपेस त्या रंगाच्या आणि त्या आकाराच्या वाटेस जात नाही. मारण्यापेक्षा परतवून लावणे ज्याला साधले, त्याचेच संरक्षण अधिक स्वस्त आणि अधिक टिकाऊ ठरते.

तथापि काही स्पंजांची रसायने खरोखर जहाल असतात. तांबड्या समुद्रात एक लालसर स्पंज आढळतो. त्याला हाताने पिळले असता तांबूस रस बाहेर पडतो आणि जवळचे मासे दूर पळतात. हा रस मत्स्यालयातील पाण्यात टाकला असता मासे अस्वस्थ होऊन थोड्याच वेळात मरतात, असे इस्रायलमधील संशोधकांनी १९७५ मध्ये नोंदविले. त्यातील विषाची रचना १९८० मध्ये उलगडली आणि त्याला लॅट्रुंक्युलिन हे नाव मिळाले. पुढे १९८३ मध्ये त्याच्या मारक शक्तीचे कारणही कळले. प्राण्याच्या प्रत्येक पेशीत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म धागे असतात. पेशीचा आकार, तिची हालचाल आणि तिचे विभाजन ही सारी ह्या धाग्यांवर अवलंबून असतात. हे धागे ज्या मण्यांचे गुंफलेले असतात, त्या मण्यांनाच हे विष पकडून ठेवते. मग धागा विणला जाण्याचेच थांबते. मंडप उभारताना कोणी दोरखंडच वळू दिला नाही, तर खांब असून उपयोग काय? तसाच हा प्रकार आहे. आज हेच विष जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींचा अभ्यास करण्याचे एक साधन म्हणून वापरले जाते.

भूमध्य समुद्रातील एका पिवळ्या स्पंजाने आणखी निराळी युक्ती योजिली आहे. ॲप्लिसिना हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याच्या देहात ब्रोमीनयुक्त संयुगे साठविलेली असतात. देहाला जखम होताच ह्या संयुगांचे विघटन होते आणि त्यांपासून अधिक तिखट अशी नवी संयुगे जखमेच्या जागी तयार होतात, असे जर्मन संशोधकांनी दाखवून दिले. स्वयंपाकघरातील कांद्याची आठवण येथे होते. अखंड कांदा हातात धरला तर डोळ्यांना काही होत नाही. विळीवर चिरला की मात्र त्यातील निरनिराळी द्रव्ये एकत्र येऊन झोंबणारी वाफ तयार होते. शस्त्र म्यानात ठेवावे आणि घाव बसताच उपसावे, असाच हा न्याय आहे.

मग ही रसायने तयार तरी कोण करतो? पुष्कळदा ह्याचे श्रेय एकट्या स्पंजाला देता येत नाही. स्पंज दिवसभर पाण्यातील जंतू गाळून खातो हे खरे, पण काही जंतूंना तो खात नाही; त्यांना आपल्या देहात वसतीला जागा देतो. काही जातींत अशा सूक्ष्मजंतूंचे प्रमाण स्पंजाच्या एकंदर वस्तुमानाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाते. जपानजवळच्या समुद्रातील थिओनेला नावाच्या स्पंजात सापडणारी बहुतेक विलक्षण संयुगे एंटोथिओनेला नावाच्या सूक्ष्मजंतूची निर्मिती आहेत, हे २०१४ मध्ये सिद्ध झाले. घरमालकाने आसरा द्यावा आणि भाडेकरूने पहारा करावा, असे हे सहजीवन होय.

इतका कडेकोट बंदोबस्त असल्यावर स्पंजाला कोणीच खात नसेल असे वाटेल. परंतु निसर्गात असे अजिंक्य कुलूप आढळत नाही. स्पंजाचेही भक्षक आहेत, आणि त्यांच्या तऱ्हा तीन आहेत.

पहिली तऱ्हा चोराची. पावसाळ्यात बागेत आणि शेतात शंख नसलेली गोगलगाय दिसते. शेतकरी तिला शेंबी म्हणतात. समुद्रातही अशा कवचहीन गोगलगाई असतात. त्यांचे रंग मात्र शेंबीच्या मातकट रंगासारखे नसून डोळे दिपविणारे असतात. ह्यांपैकी पुष्कळ जाती केवळ स्पंज खाऊन जगतात, आणि तेही प्रत्येक जात आपल्या ठरलेल्या एकदोन स्पंजांवरच. रॉबर्ट जोहान्स ह्यांनी १९६३ मध्ये हवाई बेटांवरील अशाच एका गोगलगाईविषयी लिहिले. काळ्या-निळ्या अंगावर पिवळे फोड मिरविणारी ही फिलिडिया नावाची गोगलगाय ज्या टाकीत ठेवली, त्या टाकीतील इतर प्राणी मरून गेले. तिच्या अंगातून विष पाझरत होते. हे विष आले कोठून, ह्याचे उत्तर हवाई विद्यापीठातील पॉल शॉयर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७५ मध्ये दिले. ओआहू बेटावरील पुपुकेआ येथे ही गोगलगाय एक स्पंज खाताना आढळली. गोगलगाईच्या अंगातील विष आणि त्या स्पंजातील विष तपासले, तेव्हा ती दोन्ही एकच निघाली. त्या जागेच्या नावावरून त्या संयुगाचेही नामकरण झाले.

म्हणजे ही गोगलगाय विष पचवीत नाही, ती ते साठविते. स्पंजाने स्वतःसाठी घडविलेले शस्त्र पळवून ती आपल्या कमरेला लटकाविते. समुद्रमंथनातून निघालेले हलाहल शंकराने प्राशन केले, पण ते पोटात न जाऊ देता कंठातच धरून ठेवले, अशी आपली पुराणकथा आहे. ह्या क्षुद्र जीवाची रीतही काहीशी तशीच. क्रोमोडोरिस वंशातील पाच जातींच्या गोगलगाईंचा अभ्यास ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. ह्या गोगलगाईंच्या अन्नात अनेक संयुगे असली, तरी देहाच्या झालरीसारख्या कडेत त्या लॅट्रुंक्युलिन हे एकच संयुग साठवितात, असे त्यांत आढळून आले. तांबड्या समुद्रातील स्पंजाचे जे विष वर सांगितले, तेच हे. मासा प्रथम तोंड घालील तो ह्या कडेवरच, आणि विषाचा साठाही नेमका तेथेच. स्पॅनिश डान्सर म्हणून ओळखली जाणारी, लाल पदर फडकावीत पोहणारी एक मोठी गोगलगाय तर ह्याहून पुढे गेली आहे. ती स्पंजातून मिळविलेले विष आपल्या अंड्यांच्या फितीतही भरून ठेवते, असे पॉलिक ह्यांनीच १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले. गुलाबासारखी दिसणारी ही फीत खडकावर उघडी पडलेली असते, तरी मासे तिला शिवत नाहीत. आईच्या भोजनातील विष अशा रीतीने लेकरांची राखण करते.

ह्या गोगलगाईंच्या पूर्वजांना शंख होता. रासायनिक संरक्षण आधी हाती आले आणि मग शंखाचे ओझे टाकणे परवडले, असे मत जॉन फॉकनर आणि मायकेल गिझेलिन ह्यांनी १९८३ मध्ये मांडले. चिलखत तेव्हाच उतरविता येते, जेव्हा शत्रूला दुसऱ्या कशाची तरी धास्ती बसलेली असते.

दुसरी तऱ्हा धूर्त पाहुण्याची. जॉन रँडल आणि विलार्ड हार्टमन ह्यांनी १९६८ मध्ये वेस्ट इंडीजमधील २१२ जातींच्या माशांच्या पोटांतील अन्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी केवळ २१ जातींच्या पोटांत स्पंजाचे अवशेष सापडले, आणि स्पंज हेच ज्यांचे मुख्य अन्न अशा जाती तर त्याहूनही थोड्या. त्यांत चापट अंगाचे, झळाळत्या रंगांचे एंजलफिश प्रमुख होते. ह्या माशांच्या पोटांत एकाच प्रकारचा स्पंज सापडत नसे, अनेक प्रकारांचे तुकडे सापडत. मासा येथे एक लचका तोडी, पुढे जाऊन दुसऱ्याचा तोडी. कोणत्याही एका विषाची मात्रा अंगात वाढू न देण्याचा हा उपाय असावा. पंगतीतील प्रत्येक पदार्थाची चव घ्यावी पण कोणत्याही एकाने पोट भरू नये, असे हे जेवण.

तिसरी तऱ्हा कासवाची. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालावयास येणारी कासवे आता महाराष्ट्रात पुष्कळांना माहीत झाली आहेत. ती ऑलिव्ह रिडले जातीची. येथे ज्या कासवाचा विचार करावयाचा आहे ते निराळे. त्याचे तोंड ससाण्याच्या चोचीसारखे बाकदार असते, म्हणून इंग्रजीत त्याला हॉक्सबिल म्हणतात. आपल्याकडे ते मुख्यतः अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप ह्या बेटांवर अंडी घालते. ॲन मेलन ह्यांनी कॅरिबियन देशांतील ह्या कासवांच्या पोटांतील अन्न तपासून १९८८ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या अन्नाच्या कोरड्या वजनात सुमारे ९५ टक्के भाग स्पंजांचा होता. त्यांतील पुष्कळ स्पंज सिलिकेच्या कंटिकांनी ठासून भरलेले होते. काच खाऊन जगणारा प्राणी असेच ह्याचे वर्णन करावे लागेल. ह्या कासवाचे मांस खाऊन माणसे दगावल्याच्या घटना दक्षिण भारताच्या आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर नोंदल्या गेल्या आहेत. ते विष कासवाच्या अन्नातून येत असावे असा तर्क आहे, पण ते नेमके कोणते ह्याचा निर्णय अद्याप लागलेला नाही.

आता पूर्वी बाजूला ठेवलेल्या प्रश्नाकडे वळावयाचे. ज्या जातींचे अर्क माशांनी खुशाल गिळले, त्या जाती जगतात तरी कशा? रासायनिक शस्त्र इतके गुणकारी असेल तर ते प्रत्येकाने का धारण करू नये?

ह्याचे उत्तर असे की शस्त्र फुकट मिळत नाही. गुंतागुंतीची संयुगे घडवावयाची, त्यांचा साठा राखावयाचा, त्यांपासून स्वतःला अपाय होऊ द्यावयाचा नाही, ह्या सर्वांस अन्न आणि शक्ती खर्ची पडते. किल्ल्याच्या तटबंदीवर खर्च झालेला पैसा शेताच्या बांधावर खर्च करता येत नाही. कॅरिबियन समुद्रातील स्पंजांत हा हिशेब स्पष्ट दिसतो. कडू जाती सावकाश वाढतात. ज्यांच्याजवळ रासायनिक संरक्षण नाही अशा गोड जाती मात्र भराभर वाढतात. त्यांच्या जखमाही लवकर भरून येतात. एकाने तटबंदीवर भर दिला, तर दुसऱ्याने पीक वाढविण्यावर. मासे गोड स्पंजाचे लचके तोडीत राहतात आणि तो ते भरून काढीत राहतो. त्याची वाढ आणि माशांची भूक ह्यांची अशी तोंडमिळवणी होते, आणि म्हणून खडकावर कडूंनाही जागा उरते आणि गोडांनाही.

पण ह्या ताजव्याचे एक पारडे माशांच्या हाती आहे, आणि ते मासे माणसाच्या हाती आहेत. त्झे-लुन लो आणि पॉलिक ह्यांनी कॅरिबियन समुद्रातील ६९ ठिकाणी १०९ जातींच्या स्पंजांची पाहणी केली आणि तिचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या ठिकाणी मासेमारीवर निर्बंध होते आणि स्पंज खाणारे मासे विपुल होते, तेथे कडू जातींचे वर्चस्व होते. ज्या ठिकाणी अतोनात मासेमारीमुळे असे मासे जवळजवळ नाहीसे झाले होते, तेथे गोड, जलद वाढणाऱ्या जाती फोफावल्या होत्या. खाणारा नाहीसा झाला तेव्हा तटबंदीवर केलेला खर्च निरर्थक ठरला. ज्याने तो केलाच नव्हता तो पुढे गेला.

ह्यात बिघडले काय, एक स्पंज जाऊन दुसरा आला इतकेच, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. खडकावर स्पंज एकटा राहत नाही; तेथे पोवळ्याचे प्राणीही राहतात, आणि ते फार मंद गतीने वाढतात. पुष्कळ जातींच्या पोवळ्यांची वाढ वर्षाला काही मिलिमीटरच असते. जलद वाढणारा स्पंज शेजारच्या पोवळ्यावर चढतो, त्याचा प्रकाश अडवितो आणि त्याला झाकून टाकतो. त्याच संशोधकांनी २०१५ मध्ये दाखविले की अतिमासेमारी झालेल्या खडकांवर पोवळ्यांना स्पंजांचा असा वेढा पडण्याचे प्रमाण इतर ठिकाणांहून दुपटीहून अधिक होते. प्रवाळभित्ती उभी राहते ती पोवळ्यांनी साचविलेल्या चुन्यावर. तिच्या आश्रयाने मासे वाढतात, तीच लाटांचा मारा अडवून किनाऱ्यांचे रक्षण करते. समुद्राचे पाणी तापल्याने आधीच पांढऱ्या पडत चाललेल्या पोवळ्यांना हा दुसरा शत्रू माणसाने, नकळत का होईना, आपल्या जाळ्यांनी आणि पिंजऱ्यांनी आणून दिला आहे. कासवाची गोष्टही ह्याहून वेगळी नाही. कंगवे, चष्म्याच्या चौकटी आणि शोभेच्या पेट्या ह्यांसाठी हॉक्सबिल कासवांची त्यांच्या सुंदर पाठीपायी शतकानुशतके कत्तल झाली. १९७७ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कराराने बंदी आहे, आणि भारतात त्यांना कायद्याचे संपूर्ण संरक्षण आहे. तरीही ही जात आज अत्यंत धोक्यात आलेल्या प्राण्यांत गणली जाते.

ह्या हिशेबात माणसाचा स्वतःचाही एक लाभ गुंतलेला आहे. स्पंजांच्या रसायनांकडे वैद्यकाचे लक्ष वेधले ते वेर्नर बर्गमन ह्यांच्यामुळे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९४५ मध्ये गोळा केलेल्या एका स्पंजातून त्यांना अशी संयुगे मिळाली, की ती पेशीच्या आनुवंशिक द्रव्याच्या घटकांसारखी दिसत, पण त्यांतील शर्करा निराळी असे. हे शोध १९५० आणि १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांवरून स्फूर्ती घेऊन रसायनशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये सायटाराबिन हे औषध प्रयोगशाळेत घडविले. अमेरिकेत १९६९ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध रक्ताच्या कर्करोगावर आजही दिले जाते. पेशी फसते, खोट्या घटकाला खरा समजून जोडू पाहते, आणि तिची वाढ खुंटते.

दुसरी कथा जपानची. हिराता आणि उएमुरा ह्यांनी १९८६ मध्ये हॅलिकाँड्रिया नावाच्या स्पंजातून कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणारे एक अत्यंत प्रभावी संयुग वेगळे केले. ह्यासाठी ६०० किलोग्रॅम स्पंज लागला आणि हाती आले ते केवळ १२.५ मिलिग्रॅम. समुद्रातील साठ्यावर औषधाचा कारखाना चालविणे शक्य नव्हते हे उघड आहे. योशितो किशी ह्यांनी १९९२ मध्ये ते संयुग प्रयोगशाळेत घडविले. त्याच्या निम्म्या भागावरून पुढे एरिब्युलिन हे औषध तयार झाले, आणि त्याला २०१० मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. स्पंजाने माणसाला माल पुरविला नाही, नमुना पुरविला. पण नमुना पाहावयास मिळण्यासाठी मूळ जीव जिवंत असावा लागतो, आणि त्याने ते संयुग घडविण्याचे कष्ट घ्यावेत अशी परिस्थितीही त्याच्या भोवती असावी लागते.

भारताच्या वाट्यालाही ही संपत्ती आली आहे. कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे प्रवाळभित्ती आहेत. एकट्या मन्नारच्या आखातातून व त्याच्या परिसरातून अडीचशेहून अधिक जातींचे स्पंज नोंदले गेले आहेत. गोव्यात दोना पावला येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आपल्या किनाऱ्यावरील स्पंज आणि इतर जीवांच्या रसायनांचा अभ्यास केला आहे. मालवण, रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कपारीत वाकून पाहिले, तर खडकाला चिकटलेले स्पंजाचे थर आणि त्यांच्या आसपास हिंडणाऱ्या रंगीत गोगलगाई कोणालाही पाहावयास मिळतील.

कॅरिबियन समुद्रातील हिशेब आपल्या समुद्राला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. येथील मासे वेगळे आहेत, स्पंज वेगळे आहेत, आणि खडकांवर त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाणही वेगळे आहे. त्याची पाहणी येथेच व्हावयास हवी. परंतु त्यातील मुख्य गोष्ट सर्वत्र खरी ठरण्याजोगी आहे. स्पंजाचे शस्त्र हे स्पंजाचे एकट्याचे नाही. त्याला खाऊ पाहणाऱ्या प्रत्येक तोंडाने, कोट्यवधी वर्षांच्या प्रत्येक लचक्याने ते घडविले आहे. भक्षक काढून घेतला म्हणजे भक्ष्य सुखी होईल, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच्याबरोबर त्या शस्त्राचे प्रयोजनही जाते, त्या शस्त्राच्या आधाराने टिकलेल्या सावकाश वाढणाऱ्या जाती मागे पडतात, आणि शेजारचे पोवळेही झाकले जाते. कोणत्या खडकावर कोणते मासे पकडावयाचे आणि कोणते राहू द्यावयाचे, हा निर्णय घेणाऱ्यांनी चापट अंगाच्या रंगीत माशाची आणि चोचीच्या कासवाची गणना केवळ शोभेच्या वस्तूंत करू नये, एवढे ह्या अचल जीवाच्या कथेवरून निश्चित म्हणता येईल.